खोली सोडताना टीव्हीतूनही बाहेर या!

हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर आपण बायका आधी काय बघतो? बाथरूम स्वच्छ आहे ना, चादरी धुतलेल्या आहेत ना, दाराची कडी नीट लागते ना. मुलं मात्र थेट रिमोटवर झेप घेतात. टीव्ही काय, घरीही आहेच, म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाही. पण गेल्या काही वर्षांत हॉटेलातला टीव्ही फार बदललाय. आता कडीइतकंच त्याच्याकडेही बघायला हवं, असं मला वाटतं.

तसं हॉटेलातल्या टीव्हीचं आणि आपल्या घराचं नातं जुनं आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढे कितीतरी वर्षं टीव्ही म्हणजे दूरदर्शनच! जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटलं, तेव्हा सीएनएनवरची थेट दृश्यं आपल्याकडे आधी दिसली ती मोठ्या हॉटेलांतल्या टीव्हीवर. मग केबलवाल्यांच्या छत्र्या गच्चीगच्चीवर उभ्या राहिल्या. त्याच वर्षी स्टार आलं, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी आलं आणि हॉटेलातली चैन आपल्या दिवाणखान्यात येऊन बसली. आता प्रवास उलटा सुरू झालाय. आपण घरचा टीव्ही, म्हणजे आपली मालिका, आपलं यूट्यूब, आपलं नेटफ्लिक्स, सोबत घेऊन हॉटेलात जातो.

पूर्वी हॉटेलची एक छत्री असायची, तिथून खोल्याखोल्यांत वायर जायची आणि ते लावतील तेच चॅनेल आपण बघायचो. हॉटेलांसाठी बनवलेल्या टीव्हीत 'हॉटेल मोड' नावाची सोय असते. त्यामुळे शेजाऱ्यांना त्रास होईल एवढा आवाज वाढत नाही आणि पाहुण्यांना सेटिंग बदलता येत नाही. मोठ्या हॉटेलांत तर हा टीव्ही बुकिंगच्या कॉम्प्युटरलाच जोडलेला असतो. म्हणून पडद्यावर आपलं नाव घेऊन स्वागत होतं. मोबाइलवरचा कार्यक्रम क्यूआर कोड स्कॅन करून टीव्हीवर लावता येतो, पासवर्ड टाकावा लागत नाही. अशी व्यवस्था नीट बसवलेली असेल, तर खोली सोडल्यावर पाहुण्याची माहिती आपोआप पुसली जाते.

पण आपण नेहमी उतरतो ती हॉटेलं कुठली? लग्नकार्याला, देवदर्शनाला, मुलांच्या परीक्षेला, दवाखान्याच्या कामाला गेल्यावर आपण साधं हॉटेल किंवा लॉजच बघतो. तिथे बरेचदा दुकानातून आणलेला साधा स्मार्ट टीव्हीच भिंतीवर असतो. पाहुणे बदलले हे त्या बापड्याला कळत नाही. त्याच्या लेखी सगळी एकाच घरातली माणसं!

आमच्या मालाडला मार्वे, आक्सा, मढ या बाजूला रिसॉर्टवर लग्नं होतात. अशाच एका लग्नाला सांगलीहून आलेल्या आमच्या वन्संनी सकाळी भजन लावायला टीव्ही सुरू केला. पडद्यावर कुणा अनोळखी बाईंचं यूट्यूब उघडलं. नाव, फोटो, आणि खाली त्यांनी बघितलेले व्हिडिओ. गर्भाशयाच्या ऑपरेशनविषयीचे एकापाठोपाठ एक सात-आठ. वन्सं एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, ही बिचारी घरात तरी कुणाला बोलली असेल का?" आम्ही ते खातं बंद केलं आणि काउंटरवर सांगितलं. तिथला मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, हे रोजचंच आहे."

रोजचंच आहे, हीच तर काळजीची गोष्ट आहे. आपण काय बघतो यातून आपलं दुखणं, भीती, मुलांची नावं, सगळं उघडं पडतं. मालवणीतल्या आमच्या बचत गटातली एक ताई हॉटेलात साफसफाईचं काम करते. ती म्हणाली, "चार्जर राहिला, साडी राहिली तर आम्ही रजिस्टरात लिहितो. टीव्हीत कुणाचं काय राहिलं ते कुठे लिहायचं?"

म्हणून मैत्रिणींनो, चार गोष्टी लक्षात ठेवा.

शक्यतो हॉटेलच्या टीव्हीत आपला ई-मेल आणि पासवर्ड टाकूच नका. एका रात्रीसाठी मोबाइलवरच बघितलं तर काय बिघडलं?

'कास्ट' आणि 'स्क्रीन मिररिंग' यांतला फरक ओळखा. कास्ट केलं की फक्त तो कार्यक्रम टीव्हीवर जातो. मिररिंगमध्ये मोबाइलचा अख्खा पडदाच दिसतो. मधेच आलेला मेसेज आणि बँकेचा ओटीपीसुद्धा खोलीतले सगळे वाचतात.

खातं उघडलंच असेल, तर निघण्यापूर्वी 'साइन आउट' करा. नुसता टीव्ही बंद केल्याने खातं बंद होत नाही.

घरी पोचल्यावर आठवलं तरी घाबरू नका. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'मॅनेज अ‍ॅक्सेस अँड डिव्हायसेस' ही सोय दिली. गूगल खात्यातही सुरक्षेच्या विभागात आपण कुठे कुठे साइन इन आहोत याची यादी मिळते. त्यातून हॉटेलचा टीव्ही घरबसल्या काढून टाकता येतो. मुलांना सांगा, ती दोन मिनिटांत करून देतील. पण शेजारी बसून शिकूनही घ्या.

हॉटेलवाल्यांनीही पाहुणे गेले की चादरीबरोबर टीव्हीही साफ करण्याची पद्धत पाडली पाहिजे. ती पडेपर्यंत काळजी आपणच घ्यायची. घरातून निघताना गॅस बंद केला का, हे आपण दोनदा बघतो. मग खोली सोडताना एकदा टीव्ही बघायला काय हरकत आहे?