मृत्युपत्र : कागद साधा, पण काम पक्कं हवं



घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्य उरकल्यावर पहिला विषय निघतो तो सातबाऱ्याचा. जमीन कुणाची, विहिरीचं पाणी कुणाचं, आईनं कुणाकडे राहायचं? गेलेल्या माणसानं चार जणांपुढं तोंडी सांगितलेलं असतं, पण ते चार जण चार तऱ्हेनं सांगतात. मग भाऊ भावावर दावा लावतो आणि दाव्यापायी रान पडीक राहतं.

हे टळावं म्हणून मृत्युपत्र करावं. त्याला मोठा खर्च नाही, फार शिक्षणही लागत नाही. मात्र जे आपलं नाही ते लिहून दिलं, वर्णन मोघम केलं किंवा साक्षीदार नीट घेतले नाहीत, तर तोच कागद भांडणाचं मूळ होतो. म्हणून पुढची माहिती सवडीनं वाचा.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं?

हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे हिंदू पुरुषामागे त्याची बायको, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, या सर्वांना सारखा वाटा मिळतो. आधी वारलेल्या मुलाचा किंवा मुलीचा वाटा त्यांच्या वारसांकडे जातो. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा हक्क जात नाही. ही वाटणी मान्य असेल तर मृत्युपत्र केलंच पाहिजे असं नाही. वेगळी व्यवस्था हवी असेल तर मात्र लिहून ठेवावं.

काय लिहून देता येतं?

स्वतःच्या कमाईनं घेतलेली मालमत्ता मनाला येईल त्याला देता येते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मात्र फक्त आपला हिस्सा देता येतो. समजा, अशी आठ एकर जमीन आहे आणि घरात नवरा, बायको, एक मुलगा व एक मुलगी आहे. वाटणी झाली तर चौघांना दोन-दोन एकर येते. मग नवऱ्याला मृत्युपत्रानं दोन एकरच देता येईल, आठ नाही. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तो देशभर आला, आणि हा हक्क जन्मानंच मिळतो असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं.

वडिलांकडून आलेली प्रत्येक जमीन एकत्र कुटुंबाचीच असते असंही नाही. ती कधी आणि कशी आली त्यावर ते ठरतं. म्हणून जुने फेरफार काढा आणि एकदा वकिलाला दाखवा.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल किंवा जमीन कुळकायद्यानं मिळालेली असेल तर आधी चौकशी करा. अशा जमिनीवर हस्तांतराची बंधनं असतात. शेतकरी नसलेल्या परक्या माणसाला शेतजमीन मृत्युपत्रानं देणंसुद्धा कुळकायद्याच्या आड येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली गुजरातच्या एका प्रकरणात ठरवलं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात मूळ तोच १९४८ चा कायदा आहे.

मुसलमान बांधवांना त्यांच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे वारसांच्या संमतीवाचून एकतृतीयांशपेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्रानं देता येत नाही. त्यांनी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

लिहायचं कसं?

साधा कोरा कागद चालतो, स्टँप पेपर लागत नाही. हातानं लिहा किंवा टाईप करून घ्या. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असला पाहिजे. जमीन लिहिताना ‘वरचं रान थोरल्याला, मळा धाकट्याला’ असं लिहू नका. सातबारा आणि आठ-अ समोर ठेवून गाव, तालुका, गट नंबर, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र आणि चतुःसीमा लिहा.

विहीर, मोटर, पाईपलाईन, वीज जोडणी, पाण्याची पाळी आणि रानात जायची वाट यांचा उल्लेख विसरू नका. जमीन दोघांना आणि विहीर एकाच्या गटात, हेच पुढं भांडणाचं कारण होतं. घर, जनावरं, ट्रॅक्टर, दागिने, ठेवी लिहा. सोसायटीचं कर्ज कुणी फेडायचं तेही लिहा. बायकोला जमीन देताना ती पूर्ण मालकीनं की हयातभर उपभोगापुरती, हे स्पष्ट सांगा. एखाद्या मुलाला किंवा मुलीला काही देणार नसाल तर त्याचं कारण एका ओळीत द्या. कायदा ते मागत नाही, पण पुढं शंका कमी होते.

बँकेत किंवा सोसायटीत एखाद्याचं नाव नामनिर्देशनात लावलं म्हणजे तो पैशाचा मालक झाला असं समजू नका. बँक त्याच्या हाती पैसे देते, वारसांचा हक्क उभाच राहतो.

साक्षीदार

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्यानं सही किंवा अंगठा त्यांच्या देखत करावा आणि त्यांनी करणाऱ्याच्या समोर सही करावी. ‘नंतर सवडीनं घरी सही करतो’ हे चालत नाही. ज्याला मृत्युपत्रानं काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीला घेऊ नका. साक्षीदार शक्यतो वयानं लहान, धडधाकट आणि गावातलाच असावा, कारण वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं.

करणाऱ्याला वाचता येत नसेल तर मजकूर सर्वांसमोर वाचून दाखवा आणि तसं कागदावर लिहा. खाडाखोड झाली असेल तर तिथं करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही घ्या. त्यापेक्षा नवा कागद लिहिलेला बरा.

नमुना

‘मी, (नाव, वय, धंदा शेती, गाव, तालुका, जिल्हा), आज दि. … रोजी पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझ्यामागे माझी मालमत्ता पुढीलप्रमाणे द्यावी : (१) … (२) … यात न आलेली उरलेली मालमत्ता … यांस द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी … यांनी करावी. हा मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. करणाऱ्याची सही/अंगठा. आमच्या समक्ष सही केली म्हणून साक्षीदार : (१) … (२) … (नाव, पत्ता, सही).’

नोंदणी करावी का?

सक्ती नाही, पण केलेली बरी. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदणी होते. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्राला आव्हान देता येत नाही, असं मात्र नाही. करणारा वयस्कर किंवा आजारी असेल तर तो शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला त्याच दिवशी घ्या. जिवंत असेपर्यंत मृत्युपत्र केव्हाही बदलता येतं. शेवटचं खरं धरलं जातं. जमीन विकली, वाटणी झाली, घरात कुणी वारलं, की कागद पुन्हा काढून बघा.

मागे राहिलेल्यांनी काय करावं?

तीन महिन्यांच्या आत मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्या आणि पोच घ्या. फेरफाराची नोटीस निघते. हरकत आली तर सुनावणी होते. फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. मालकीचा वाद दिवाणी कोर्टच मिटवतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट नसताना तिथं मोफत सल्ला मिळतो. फोन करायचा तर नंबर १५१००.

मूळ कागद कुठं ठेवला आहे ते घरातल्या निदान दोन भरवशाच्या माणसांना सांगून ठेवा. हे पत्रकही सातबाऱ्याच्या पिशवीतच असू द्या.