शॉकअप नवे, गाडी तरी बसकीच

प्रीमियर पद्मिनीचं कुर्ल्यातलं उत्पादन थांबलं त्याच सुमारास, १ नोव्हेंबर २००० रोजी, मध्य प्रदेशातून वेगळं होऊन छत्तीसगड राज्य अस्तित्वात आलं. त्यामुळे रायपूरच्या समता कॉलनीत किंवा महाराष्ट्र मंडळ असलेल्या चौबे कॉलनीत एखाद्या पोर्चमध्ये पद्मिनी दिसली, तर तिचा नंबर बहुधा ‘एमपी’चाच असणार. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाजारात आणली. तीच १९७४ पासून पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता राहिल्यात त्या हौसेनं जपलेल्या. त्यांच्या मालकांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: ‘नवे शॉकअप टाकले, तरी मागून बसकीच, उलट जास्तच आदळते.’

दोष बहुतेक वेळा शॉकअपचा नसतो. जे काम त्याचं नाही, ते आपण त्याच्यावर सोपवलेलं असतं.

वजन कोण पेलतं?

पद्मिनीच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग आहेत, मागे अख्ख्या अ‍ॅक्सलखाली पाटे. गाडीचं सगळं वजन हे पेलतात. (अँबॅसिडरला पुढे कॉइलऐवजी पीळ खाणारे टॉर्शन बार, मागे पाटेच.) शॉकअप वजन पेलत नाही. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकलायला लावून तो फक्त हालचालीला विरोध करतो. गाडी उभी असली की साध्या तेलाच्या शॉकअपचा जोर शून्य. गॅस भरलेला असेल तर दांडा थोडा बाहेर रेटला जातो आणि गाडी किंचित वर येते, एवढंच. बसलेली गाडी उचलणं शॉकअपच्या हातात नाही.

जुनी स्प्रिंग ‘मऊ पडली’ असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात पोलादाचा कडकपणा वर्षांनुवर्षं जवळपास तेवढाच राहतो. कमी होते ती स्प्रिंगची मोकळी उंची. उंची गेली की चाकाला वर सरकायला जागा उरत नाही. मग साध्या खड्ड्यातही अ‍ॅक्सल बंप स्टॉपच्या रबरावर आपटतो, आणि आपल्याला वाटतं की शॉकअप गेला.

तारेचं गणित

कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. वेढ्यांची संख्या आणि व्यास तोच ठेवून तार फक्त १० टक्के जाड घेतली, तर स्प्रिंग तब्बल ४६ टक्के कडक होते. म्हणून ‘दिसायला सेम’ स्प्रिंगवर विश्वास ठेवू नये; व्हर्नियर कॅलिपर लावावा. वेढे कमी केले तरी कडकपणा वाढतो. आठ चालत्या वेढ्यांपैकी एक कापला की स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते आणि गाडी आणखी खाली बसते.

प्रवासी गाडी आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हेलकावते. हा हेलकावा लवकर विझवणं हे शॉकअपचं काम. स्प्रिंग कडक झाली की विरोधही वाढवावा लागतो, पण तेवढ्याच पटीत नाही, तर वर्गमुळाच्या हिशेबानं. वरच्या उदाहरणात स्प्रिंग ४६ टक्के कडक झाली, तर शॉकअप सुमारे २१ टक्के जास्त जोराचा हवा. मूळच्याच जोराचा ठेवला तर गाडी उसळत राहते. उलट मूळ स्प्रिंगवर फार कडक शॉकअप बसवला तर रस्त्यावरची प्रत्येक भेग सीटपर्यंत पोचते.

पाट्यांची गोष्ट थोडी निराळी. एकमेकांवर घासताना पाटे स्वतःच थोडा हेलकावा जिरवतात. गंज काढून, ग्रीस लावून ते मोकळे केले की हे घर्षण घटतं आणि तो भार शॉकअपवर येतो. पाटे नुकतेच साफ केलेत आणि शॉकअप जुनेच आहेत, अशा गाडीची मागची बाजू म्हणूनच डुलते. दुसरी मेख टॅक्सीची. डिकीत सीएनजीची टाकी आणि टपावर सामान वाहणाऱ्या गाडीला पाटा वाढवलेला असू शकतो. मोडीत निघालेल्या टॅक्सीचे पाटे घेताना ते मोजून घ्यावेत; घरच्या गाडीला एक पाटा जास्त झाला तरी ती ताठ होते. बसलेले पाटे भट्टीत लाल करून वाकवणं तर टाळावंच. नीट पाणी दिलं नाही तर पोलादाचा कस जातो आणि पाटा पुन्हा बसतो किंवा तुटतो.

कामाचा क्रम

आधी मापं घ्यावीत. सपाट जमीन, टायरमध्ये बरोबर हवा, डिकी रिकामी. प्रत्येक कोपरा दाबून सोडावा आणि गाडी स्थिरावल्यावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी लिहावं. मग स्प्रिंग आणि पाटे ठीक करून उंची परत मिळवावी. शॉकअपची निवड त्यानंतर.

दुसऱ्या मॉडेलचा शॉकअप घ्यायचा असेल, तर फक्त वरखालची भोकं जुळणं पुरेसं नाही. चाक बंप स्टॉपला टेकलेलं असताना शॉकअपमध्ये आणखी दबायला जागा हवी, आणि चाक पूर्ण लटकल्यावर त्यात ताणायलाही जागा हवी. नाहीतर शॉकअपच अडसर होतो आणि वरची पकड तुटते. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदमच बदलावेत. नवा तेलाचा शॉकअप उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण ताणावा-दाबावा, म्हणजे आडवं पडून राहिल्यामुळे आत अडकलेली हवा वर जाते. पाट्यांच्या रबरी बुशचे बोल्ट शेवटी, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच आवळावेत. लटकत्या चाकांवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. दाबलेली कॉइल सुटली तर जीव घेऊ शकते, म्हणून ती स्प्रिंग कंप्रेसरशिवाय कधीच काढू नये.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ स्वरूपात राखलेल्या, ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. १९७४ च्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. त्यामुळे चॅसिस कापून नवी पकड जोडण्याआधी दहादा विचार करावा.

स्प्रिंग बदलल्यावर पुढच्या चाकांचं अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख पुन्हा जुळवावा. काही शे किलोमीटर झाल्यावर नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, तेव्हा उंची परत मोजावी. तारेची जाडी, पाट्यांची संख्या, चारही कोपऱ्यांची उंची आणि शॉकअपची मिटलेली-ताणलेली लांबी एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढच्या वेळी दुकानदारासमोर ‘पद्मिनीचे शॉकअप द्या’ एवढंच म्हणावं लागणार नाही. आकडे सांगता येतील.