तलावातील शेवटचे फूटभर पाणी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाची शेती पावसाइतकीच तलावांवर अवलंबून आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला, असे परंपरा सांगते. त्याच कोहळी मंडळींनी मातीच्या पाळी घालून गावोगाव हजारो तलाव व बोड्या निर्माण केल्या. १९५१ साली मालगुजारी नष्ट होऊन हे तलाव सरकारकडे गेले. परंतु पाणी एक आणि त्याचे वाटेकरी दोन, ही स्थिती तेव्हाही होती व आजही आहे. पहिला वाटेकरी धानवाला, दुसरा ढिवर.

ढिवरांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात. रोहू, कतला व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांचे बीज दरसाल विकत आणून सोडावे लागते. ते पावसाळ्यात सोडलेले बीज विक्रीजोगे होण्यास उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकले पाहिजे. आणि नेमक्या त्याच वेळी उन्हाळी धानास पाण्याची निकड लागते! तंटा होतो तो येथे.

जुन्या तलावांत या तंट्याची सोय आपोआप झालेली होती. पाणी सोडण्याच्या दगडी तुडुमास एकाखाली एक अशी भोके असून ती लाकडी खुंट्यांनी बंद करीत. वरची खुंटी प्रथम काढावयाची, पाणी उतरेल तशी खालची. सर्वांत खालचे भोक तळापेक्षा उंच असल्यामुळे त्याखालचे पाणी कोणासही नेता येत नसे. गुरांची तहान, काठच्या विहिरींचा झरा व माशांचा जीव त्यावर तगून राही. बांधणाऱ्यांनी हे हेतुपुरःसर केले की कसे, कोण जाणे. परिणाम मात्र तोच. पुढे तेलाची इंजिने व विजेचे पंप आले आणि तुडुमाने घातलेली मर्यादा उरली नाही.

आता या शेवटच्या पाण्याचा हिशेब करून पाहू. समजा, भरल्या तलावाचा पसारा ४० एकर आहे. कार्तिकात वरचे एक फूट पाणी सोडले तर जवळजवळ ४० एकर-फूट पाणी मिळते. फाल्गुनात तोच तलाव आकसून ८ एकरांवर येतो. तेव्हा एक फूट उपसले तरी हाती येते ते ८ एकर-फूटच. उन्हाळी धानास लावणीपासून कापणीपर्यंत चार फुटांहून कमी पाणी पुरत नाही. म्हणजे त्या फुटावर फार तर दोन एकर धान निघेल. पाटात जिरणारे वजा केल्यास तेवढेही नाही. उलट त्या दोन एकरांपायी संस्थेचे वर्षभराचे मासे जातात. पाणी उथळ होऊन तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकू लागतात. मरळ व मांगूर हवा घेऊन काही काळ तगतात. रोहू-कतला तगत नाहीत.

प्रस्तुत लेखक स्वतः धानवाला आहे. एका चैत्रात त्यानेही इंजिन लावून तळ गाठला होता. धान अर्धे पोचट निघाले, आणि पाळीवर पांढऱ्या पोटांचे मासे वेचणाऱ्या बायांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिले नाही. त्या वर्षी गुरांस पाणी पाजण्यासाठी दुसऱ्या गावी न्यावे लागले, ते निराळेच.

तेव्हा वाद फाल्गुनात न घालता निर्णय दिवाळीतच झाला पाहिजे. खरिपाचे धान निघते, तलावात किती पाणी आहे हे डोळ्यांना दिसते, आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे अजून टाकलेले नसतात. ग्रामसभेने धानवाले व ढिवर दोघांस पाळीवर बोलवावे, कोणत्या पातळीखाली इंजिन लागणार नाही ते ठरवावे, आणि तुडुमावर चुन्याची रेघ ओढावी. त्या रेघेवरील पाण्यात जितके एकर भिजतील तितक्याचेच पऱ्हे टाकावे.

ढिवर बंधूंकडेही एक मागणे आहे. मृगाच्या पहिल्या लोंढ्यात गावठी मासे अंडी घालण्यास सलंगावरून बांध्यांत चढतात. त्या दिवसांत सलंगावर आडवे जाळे लावू नये. पाणी राखावयाचे आम्ही आणि गाभोळीचे मासे धरावयाचे त्यांनी, असे झाल्यास ती रेघ दुसऱ्या वर्षी कोणी पाळणार नाही.