कुस्को : आधी उतरा, मग चढा

पेरू देशात, अँडीज पर्वताच्या कुशीत कुस्को नावाचे शहर आहे. इंका साम्राज्याची ही राजधानी १५३३ साली स्पॅनिश फौजेने जिंकली. तिची उंची सुमारे ३,४०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून थोडी अधिक. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच असतो. त्यामुळे लिमाहून विमानाने थेट आलेल्या पाहुण्याला चार पायऱ्या चढताना धाप लागते, डोके ठणकते, रात्री झोप येत नाही.

यावर साधा उपाय आहे. शहरात न थांबता आधी उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरावे. तिथले ओयांतायतांबो गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे. दोन-तीन रात्री तिथे काढाव्यात, मद्य टाळावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल, तर घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आणि स्वस्थ बसूनही धाप थांबेना किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर अंगावर काढू नये. लगेच खाली उतरून डॉक्टर गाठावा.

खोऱ्यातले हे दिवस वाया जात नाहीत. पिसाकला डोंगरउतारावर दगडी बांधांची पायऱ्यापायऱ्यांची शेते दिसतात. बांध माती धरून ठेवतात आणि दिवसा तापलेले त्यांचे दगड रात्री पिकाला ऊब देतात. मारासला खाऱ्या झऱ्याचे पाणी लहान लहान वाफ्यांत खेळवून आजही मीठ पिकवले जाते. आपल्या उपासाला चालणारा बटाटाही मूळचा या अँडीजचाच! इथले शेतकरी तो रात्रीच्या थंडीत गोठवतात, पायांनी तुडवून त्यातले पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. असा बटाटा वर्षानुवर्षे टिकतो.

मग कुस्कोला यावे. शेताचे बांध पाहून आलेल्या डोळ्यांना शहरातल्या भिंती अधिक कळतात. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली. चुन्याशिवाय रचलेल्या, किंचित आत कललेल्या इंका भिंती मात्र उभ्या राहिल्या. हातुनरुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगडही असाच शेजारच्या दगडांत चपखल बसलेला आहे. भूकंप पचवलेल्या या दगडावर २०२५ साली एका माणसाने घाव घालून टवके उडवले. म्हणून तो डोळे भरून पाहावा, हात मात्र लावू नये.

मे ते सप्टेंबर हे कोरडे महिने प्रवासाला चांगले. रात्री कडाक्याची थंडी पडते. लोकरीचे कपडे विसरू नयेत.