पाळीव प्राण्यांसाठी पशुवैद्याची निवड आणि उपचारखर्चाचे नियोजन

कुत्रा, मांजर, ससा, पक्षी यांसारख्या घरी पाळलेल्या प्राण्यांच्या आरोग्यासाठी पात्र पशुवैद्य निवडणे आणि त्यांच्या उपचारांसाठी पैशाची आगाऊ तरतूद करणे, या प्राणिपालनाच्या परस्परांशी निगडित अशा दोन जबाबदाऱ्या आहेत. योग्य पशुवैद्य वेळेवर लाभल्यास अनेक आजार टळतात आणि त्यामुळे खर्चही मर्यादित राहतो. याउलट, पैशाअभावी दुखणे अंगावर काढले गेल्यास प्राण्याचे हाल होतात आणि अखेरीस खर्चही वाढतो. रेबीज व लेप्टोस्पायरोसिस यांसारखे आजार प्राण्यांपासून माणसांना होत असल्याने हा विषय सार्वजनिक आरोग्याशीही जोडलेला आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील परिस्थितीच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात पशुवैद्यक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईतील परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळात पशुवैद्याकडे येणारे रुग्ण म्हणजे मुख्यतः घोडे, बैल आणि दुभती जनावरे. ग्रामीण भागात आजही पशुवैद्याला ‘गुरांचा डॉक्टर’ असे म्हटले जाते. शहरांत कुत्री व मांजरे पाळण्याचे प्रमाण वाढल्यानंतर लहान प्राण्यांसाठीचे खासगी दवाखाने वाढले आणि सोनोग्राफी, रक्ततपासणी, दंतोपचार, अस्थिशल्यक्रिया अशा सेवा उपलब्ध झाल्या. सेवांबरोबर खर्चही वाढला. हा खर्च बहुतेक वेळा प्राणिपालकालाच संपूर्णपणे सोसावा लागतो.

पशुवैद्याची पात्रता व नोंदणी

भारतात पशुवैद्यकीय व्यवसायाचे नियमन भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या कायद्यानुसार होते. पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन या विषयांची पदवी (बी.व्ही.एस्सी. आणि ए.एच.) घेतलेली आणि राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी केलेली व्यक्तीच स्वतंत्रपणे पशुवैद्यकीय व्यवसाय करू शकते. प्रशिक्षणासह हा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. शल्यचिकित्सा, औषधवैद्यक, प्रसूतिशास्त्र इत्यादी शाखांतील पदव्युत्तर पदवीला एम.व्ही.एस्सी. म्हणतात. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून दिले जाते.

पशुसंवर्धनाची पदविका किंवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्या व्यक्तींना राज्य शासनाच्या आदेशानुसार, नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली, केवळ किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात. म्हणून प्राणी विकणारे दुकानदार, श्वानप्रशिक्षक, दवाखान्यातील मदतनीस किंवा औषधविक्रेते यांनी सांगितलेले औषधोपचार हा वैद्यकीय सल्ला ठरत नाही. पशुवैद्याच्या औषधचिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे की नाही हे पाहावे. नसल्यास तो विचारण्यात गैर काही नाही.

निवडीचे निकष

पशुवैद्याची निवड प्राणी घरी आणण्यापूर्वी किंवा आणल्यावर लगेच करावी. प्राणी अत्यवस्थ असताना मध्यरात्री दवाखाना शोधण्याची वेळ आली, तर निवडीला वाव राहत नाही. निवड करताना पुढील बाबी पाहाव्यात.

अंतर व वेळ : नेहमीच्या तपासणीसाठी घराजवळचा दवाखाना सोयीचा असतो. तो रात्री व सुटीच्या दिवशी बंद असल्यास तेथील पशुवैद्य रुग्णाला कोठे पाठवतात, हे आधीच विचारून ठेवावे.

प्राण्याच्या जातीचा अनुभव : कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक पशुवैद्याला पोपट, कासव किंवा सशाच्या आजारांचा अनुभव असतोच असे नाही. उदाहरणार्थ, कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरले जाणारे फिप्रोनिल हे औषध सशांना घातक ठरते.

दवाखान्याची स्थिती : तपासणीचे टेबल प्रत्येक रुग्णानंतर पुसले जाते का, सांसर्गिक आजाराचे रुग्ण वेगळे ठेवले जातात का, हे सहज दिसते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवणे आवश्यक असते. शीतसाखळी तुटलेली लस टोचली तरी संरक्षण मिळेलच याची खात्री राहत नाही. लसीच्या कुपीवरील चिकटपट्टी, तुकडी क्रमांक व मुदत यांची नोंद प्राण्याच्या लसीकरण पुस्तिकेत करणे ही चांगल्या दवाखान्याची खूण मानली जाते.

संवाद : निदान काय, ते निश्चित आहे की संभाव्य, कोणती तपासणी कशासाठी, तिचा अंदाजे खर्च किती आणि ती न केल्यास कोणता धोका, हे सोप्या भाषेत सांगणारा पशुवैद्य निवडावा. दुसऱ्या पशुवैद्याचे मत घेण्याची इच्छा व्यक्त केल्यावर नाराज न होता कागदपत्रे देणारा पशुवैद्य विश्वासार्ह समजावा.

केवळ कमी शुल्क हा निवडीचा निकष होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे, वातानुकूलित प्रतीक्षालय किंवा महागडी यंत्रसामग्री हीदेखील चांगल्या उपचारांची हमी नव्हे. अनेक आजारांचे निदान वजन, तापमान, हिरड्यांचा रंग आणि हातांनी केलेली पोटाची तपासणी यांतून पुढे सरकते. त्यासाठी पशुवैद्य प्राण्याला प्रत्यक्ष किती वेळ देतो, हे महत्त्वाचे असते.

खर्चाचे प्रकार

पाळीव प्राण्याच्या आरोग्यावरील खर्चाचे तीन भाग पडतात.

१. नियमित खर्च : लसीकरण, जंतनाशक, गोचीड व पिसवांवरील औषधे आणि वार्षिक तपासणी यांचा यात समावेश होतो. याचा अंदाज वर्षाच्या सुरुवातीलाच बांधता येतो.

२. एकदाच होणारा खर्च : यात मुख्यतः निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया येते.

३. आकस्मिक व दीर्घकालीन खर्च : अपघात, विषबाधा, संसर्ग, तसेच उतारवयातील मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, संधिवात यांसारखे आजार यात मोडतात. कुटुंबाचे अंदाजपत्रक बहुधा याच खर्चाने कोलमडते.

प्राण्याच्या जातीचाही खर्चावर परिणाम होतो. चपट्या नाकाच्या पग कुत्र्यांना श्वसनाचे व डोळ्यांचे त्रास अधिक होतात आणि विदर्भातील उन्हाळा त्यांना विशेष जाचतो. जर्मन शेफर्ड व लॅब्राडोर यांच्यात खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक विकार आढळतो. पर्शियन मांजरांच्या डोळ्यांची व केसांची सतत निगा राखावी लागते. बहुतेक औषधांची मात्रा वजनावर ठरत असल्याने मोठ्या कुत्र्याचा औषधखर्चही मोठा असतो. गावठी कुत्री सामान्यतः काटक असली तरी लसीकरणाची गरज त्यांनाही तितकीच असते. प्राणी विकत घेण्याची किंमत एकदाच मोजावी लागते, सांभाळण्याचा खर्च मात्र दहा-पंधरा वर्षे चालतो. म्हणून जात निवडतानाच हा हिशेब करणे श्रेयस्कर ठरते.

प्रतिबंधक उपचार

खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे प्रतिबंध. कुत्र्याच्या पिलांना साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांवरील संयुक्त लस सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तिच्या पुढील मात्रा देतात. रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात देऊन पुढे पशुवैद्याच्या सल्ल्यानुसार, सामान्यतः दरवर्षी, पुन्हा टोचली जाते. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरांनाही लसीकरण आवश्यक असते.

पार्व्हो या विषाणुजन्य रोगाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. या रोगात पिलाला तीव्र उलट्या व रक्तमिश्रित जुलाब होतात. विषाणूवर सर्वत्र उपलब्ध असे थेट औषध नसल्याने सलाईन, प्रतिजैविके आणि उलट्या थांबवणारी औषधे देत अनेक दिवस शुश्रूषा करावी लागते. इतके करूनही पिलू वाचेलच असे सांगता येत नाही. लसीच्या सर्व मात्रांचा एकत्रित खर्च या उपचारांच्या तुलनेत अल्प असतो.

निर्बीजीकरणाचेही तसेच आहे. निर्बीजीकरण न केलेल्या प्रौढ कुत्रीच्या गर्भाशयात पू साठण्याचा ‘पायोमेट्रा’ हा प्राणघातक विकार होऊ शकतो. त्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. निरोगी अवस्थेत, ठरवून केलेली शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित असते आणि तिचा खर्चही कमी येतो. लवकर केलेल्या निर्बीजीकरणाने स्तनांच्या गाठींचा धोकाही घटतो. शस्त्रक्रियेचे योग्य वय जात व आकारमानानुसार बदलत असल्याने ते पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे.

आणीबाणीची लक्षणे

काही लक्षणे दिसल्यास खर्चाच्या विचाराने सकाळपर्यंत थांबणेही धोक्याचे असते. धाप लागणे, हिरड्या पांढऱ्याफटक वा निळसर पडणे, सतत झटके येणे, सर्पदंश, विषारी पदार्थ खाल्ल्याची शंका, उष्माघात, प्रसूती अडणे, मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पोट अचानक फुगून त्याला कोरड्या ओकाऱ्या येणे आणि बोक्याला लघवी न होणे ही त्यांपैकी प्रमुख होत. लघवी तुंबलेला बोका वारंवार वाळूच्या ट्रेमध्ये बसतो. ते पाहून बद्धकोष्ठतेचा समज होतो आणि मोलाचा वेळ वाया जातो.

घरगुती उपचारांचे धोके

पैसे वाचवण्यासाठी माणसांची औषधे प्राण्यांना देण्याची प्रवृत्ती आढळते. ती घातक आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे कुत्र्यांना जठरव्रण आणि मूत्रपिंडाचे विकार होतात. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशक मांजराला लावल्यास त्याला तीव्र विषबाधा होते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थही कुत्र्यांना वर्ज्य आहेत. मागच्या आजारातील उरलेली प्रतिजैविके पुन्हा वापरणे, किंवा बरे वाटताच औषध मध्येच बंद करणे, यांमुळे आजार बळावतो आणि पुढील उपचार महाग होतात.

खर्च मर्यादित ठेवण्याचे सुरक्षित मार्ग

स्वतंत्र निधी : प्राण्याच्या नावाने दरमहा ठरावीक रक्कम बाजूला ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय. दरमहा ५०० रुपये ठेवल्यास वर्षाला ६,००० आणि तीन वर्षांत १८,००० रुपये जमतात. प्राणी तरुण व निरोगी असतानाच हा निधी सुरू करणे हिताचे असते.

टप्प्याटप्प्याने तपासण्या : आपली आर्थिक मर्यादा पशुवैद्याला सुरुवातीलाच स्पष्ट सांगावी. तसे केल्यास निदानाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त तपासणी आधी करून, तिच्या निष्कर्षानुसार पुढचा निर्णय घेता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी भूल, औषधे, दवाखान्यात ठेवण्याचे शुल्क व नंतरच्या तपासण्या यांसह लेखी अंदाजपत्रक मागावे.

नोंदी जपणे : लसीकरण पुस्तिका, जुन्या औषधचिठ्ठ्या व तपासणी अहवाल एका फायलीत ठेवल्यास त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. दरमहा घेतलेली वजनाची नोंदही उपयोगी पडते, कारण प्राणी आपले दुखणे लपवतात आणि अनेकदा घटते वजन हेच आजाराचे पहिले लक्षण असते.

औषधांचे पर्याय : त्याच घटकद्रव्याचे कमी किमतीचे औषध उपलब्ध आहे का, हे पशुवैद्याला विचारावे. परस्पर बदल करू नये.

सार्वजनिक व धर्मादाय सेवा

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचे पशुवैद्यकीय दवाखाने, तालुका लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये आणि जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये येथे अल्प शुल्कात उपचार होतात. या यंत्रणेचा भर पशुधनावर असला तरी तेथे कुत्र्या-मांजरांवरही उपचार केले जातात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली तपासणी होते. तेथे वेळ अधिक लागू शकतो, परंतु विविध शाखांचे तज्ज्ञ एकाच ठिकाणी उपलब्ध असतात. परळचे पशुरुग्णालय आजही कार्यरत आहे, तर मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. ६ जुलै हा जागतिक प्राणिजन्य आजार दिन आणि २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन यांनिमित्त अनेक ठिकाणी रेबीजचे मोफत लसीकरण केले जाते.

पाळीव प्राण्यांचा विमा

भारतातील काही सामान्य विमा कंपन्या कुत्र्यांसाठी, तर काही मांजरांसाठीही विमा देतात. विमा घेताना प्राण्याची वयोमर्यादा, प्रतीक्षाकाळ, आधीपासून असलेले व आनुवंशिक आजार वगळले आहेत का, बाह्यरुग्ण उपचारांचा समावेश आहे का आणि दाव्यातील किती हिस्सा स्वतः भरावा लागतो, हे मुद्दे तपासावेत. लसीकरणात खंड पडल्यास त्या रोगाचा दावा नाकारला जाऊ शकतो. नियमित खर्चासाठी निधी आणि मोठ्या आकस्मिक खर्चासाठी विमा अशी विभागणी अनेकांना सोयीची ठरते.

आर्थिक मर्यादा आणि कठीण निर्णय

उपचार शक्य आहेत, पण ते परवडत नाहीत, अशी वेळ अनेक कुटुंबांवर येते. अशा वेळी ‘सर्व उपचार’ आणि ‘काहीच नाही’ एवढेच दोन पर्याय नसतात. वेदना कमी करणारे व प्राण्याला आराम देणारे उपचार, कमी खर्चाची पर्यायी उपचारपद्धती, शुल्क हप्त्यांनी देण्याची सवलत, महाविद्यालयीन वा धर्मादाय रुग्णालयाकडे रवानगी किंवा प्राणी दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जबाबदार व्यक्तीकडे तो सोपवणे, असे मधले मार्ग असतात. परवडत नाही हे सांगण्यास संकोच वाटल्याने अनेक जण दवाखान्यात पुन्हा जातच नाहीत आणि प्राणी उपचारांविना राहतो. म्हणून पशुवैद्याशी याबाबत मोकळेपणाने बोलणे हादेखील उपचारांचाच भाग समजावा.

आजार असाध्य असून यातना थांबवता येत नसतील, तर दयामरणाचा विचार केला जातो. ते नोंदणीकृत पशुवैद्याकडूनच वेदनारहित पद्धतीने दिले जावे. हा निर्णय घेताना प्राणी स्वतःहून खातो का, उठून चालू शकतो का, ओळखीच्या माणसांना प्रतिसाद देतो का आणि त्याचे बरे दिवस वाईट दिवसांपेक्षा अधिक आहेत का, हे निकष उपयोगी पडतात. आजारी किंवा वृद्ध प्राण्याला रस्त्यावर सोडून देणे हा मात्र पर्याय नाही. उपासमार किंवा तहानेमुळे हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याचा त्याग करणे, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे.

तक्रार निवारण

उपचारांविषयी शंका असल्यास प्रथम संबंधित पशुवैद्याकडून लेखी उपचारनोंदी घेऊन दुसऱ्या पशुवैद्याचे मत घ्यावे. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे करता येते. पशुवैद्यांच्या आचारसंहितेचे नियम १९९२ साली करण्यात आले आहेत. शुल्क देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबाबत ग्राहक आयोगाकडे, तर विम्याच्या दाव्यासंबंधी कंपनीच्या तक्रार विभागानंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. प्रत्येक वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्यामुळे तक्रारीपूर्वी कागदपत्रांच्या आधारे वस्तुस्थिती समजून घेणे आवश्यक ठरते.

हेही पाहा

पशुवैद्यकशास्त्र
रेबीज
लसीकरण
महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ