बॅकअपच्या शेल स्क्रिप्टमधील चलांचे दोषनिवारण

प्रस्तावना :
संशोधनाची माहिती व गुणपत्रके यांची राखीव प्रत ठेवण्यासाठी लिनक्स प्रणालीवर छोटी शेल स्क्रिप्ट लिहिणे हा सुलभ मार्ग होय. तथापि नवोदितांच्या स्क्रिप्टमधील अनेक दोष चलांशी निगडित असतात. प्रस्तुत लेखात त्यांचे स्वरूप व निवारण यांचे विवेचन केले आहे.

दोषांचे स्वरूप :
१) बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा सोडल्यास शेल चलाच्या नावालाच आज्ञा समजते.
२) चलाच्या नावास लागून अधोरेखा व अक्षरे आल्यास तो सर्व मजकूर एकच नाव मानला जातो. नाव महिरपी कंसात लिहिल्याने हा दोष टळतो.
३) फोल्डरच्या नावात मोकळी जागा असल्यास त्याचे दोन शब्द होतात. त्यासाठी चल दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे. एकेरी चिन्हांत त्याचे मूल्य उलगडत नाही.
४) हाताने चालणारी स्क्रिप्ट 'क्रॉन'द्वारे चालत नाही, कारण तेथे 'पाथ' हे चल मर्यादित असते. म्हणून आज्ञांचे पूर्ण मार्ग द्यावेत.

रिक्त चलाचा धोका :
मूल्य न दिलेले चल शेल सामान्यतः चूक मानत नाही. त्याच्या जागी काहीच येत नाही. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील 'स्टीम' या खेळप्रणालीच्या स्क्रिप्टमधील असा दोष उघडकीस आला. फोल्डरचा मार्ग दर्शविणारे चल रिक्त राहिल्याने पुसण्याची आज्ञा मूळ निर्देशिकेवर चालली. तक्रार करणाऱ्या वापरकर्त्याच्या संगणकाला जोडलेल्या बाह्य डिस्कवरील राखीव प्रतही त्यात नष्ट झाली. जुन्या प्रती पुसणाऱ्या बॅकअप स्क्रिप्टमध्येही हाच धोका संभवतो.

निवारण :
'सेट' आज्ञेचा 'एक्स' पर्याय प्रत्येक आज्ञा मूल्यांसह दाखवितो. दोष शोधण्याचा आरंभ तेथूनच करावा. 'यू' पर्याय मूल्य न दिलेल्या चलापाशी स्क्रिप्ट थांबवितो, परंतु रिक्त मूल्य दिलेले चल त्यातून निसटते. महिरपी कंसात चलाच्या नावापुढे अपूर्णविराम व प्रश्नचिन्ह लिहिल्यास दोन्ही स्थितींत स्क्रिप्ट थांबते. पुसण्याच्या आज्ञेपूर्वी 'एको'ने मार्ग छापून पाहावा.

निष्कर्ष :
स्क्रिप्ट विनातक्रार संपली म्हणजे बॅकअप झाला असे नव्हे. चलांची तपासणी करून राखीव प्रतीतून एखादी फाईल प्रत्यक्ष परत मिळवून पाहिल्यानंतरच त्या स्क्रिप्टवर विसंबणे योग्य ठरते.