कुलाब्याच्या वह्या

६ जून १८८२ रोजी मुंबईवर भीषण चक्रीवादळ आदळलं आणि लाखभर माणसं मेली, अशी नोंद जगभरच्या आपत्तींच्या याद्यांत वर्षानुवर्षं छापली जात होती. आकड्याकडे नीट पाहिलं तरी शंका यावी. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती होती ७,७३,१९६. म्हणजे दर आठ माणसांमागे जवळपास एक गेलं आणि शहराला त्याची आठवणही उरली नाही? पुण्यात ‘केसरी’ निघून तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं, आणि मुंबईत तर वर्तमानपत्रांना तोटा नव्हता. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईला असलेला चक्रीवादळांचा धोका अभ्यासताना जुने पुरावे तपासले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापला, की असं वादळ झालंच नव्हतं.

एखादी गोष्ट घडली नाही हे दाखवणं कठीण असतं. त्यासाठी विशेष काही घडत नसतानाही रोजच्या रोज नोंद करणारं कुणीतरी लागतं. मुंबईत ते काम बेटाच्या दक्षिण टोकाला चालत होतं, कुलाबा वेधशाळेत.

ईस्ट इंडिया कंपनीने ही वेधशाळा १८२६ मध्ये बांधली ती हवामानासाठी नव्हे. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ हवी होती, आणि वेळ ताऱ्यांवरून ठरत असे. चुंबकीय आणि हवामानाच्या नियमित नोंदी १८४१ मध्ये सुरू झाल्या. त्या सुरू करणारे आर्थर बेडफोर्ड ऑर्लिबार हे एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ वेधशाळेचा कारभार पाहिला. आणि पुढे टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून नावाजलेले केरूनाना छत्रे मिसरूड फुटायच्या वयात इथे सहायक म्हणून लागले. मराठी विज्ञानाचा इतिहास आपण पाठ्यपुस्तकांपासून सांगतो. मला तो या वह्यांपासून सांगावासा वाटतो.

नोंदी तासातासाला, डोळ्यांनी पाहून, हाताने लिहिलेल्या. १-२ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालं, तेव्हा युरोपातल्या अनेक यंत्रांची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला कागदावर आपोआप उमटणारी रेघ नव्हतीच, तिथे माणूस बसला होता. गडबड दिसताच त्याने तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतराने आकडे टिपले. ते वार्षिक ग्रंथात छापले गेले आणि शतकभराहून अधिक काळ कपाटात राहिले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आणि सहकाऱ्यांनी ते बाहेर काढले, तेव्हा चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण दिसली. उपग्रहांच्या आणि वीजजाळ्यांच्या सुरक्षेची चर्चा आज या आकड्यापाशी येतेच.

पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणताच, त्यांच्या विजेने नोंदी बिघडू नयेत म्हणून, चुंबकमापन अलिबागला हलवावं लागलं. नानाभाई मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्या कारकिर्दीत १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप झालं, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेशी जुळवता आली. ही दोन वर्षं मला खुद्द वादळाच्या नोंदींइतकीच मोलाची वाटतात.

कारण जुनी नोंद परत मिळवणं म्हणजे नुसती नक्कल उतरवणं नव्हे. आकड्यासोबत त्याची परिस्थितीही शोधावी लागते. पर्जन्यमापक गच्चीवर होता की अंगणात? वायुभारमापकाचा पारा मोजताना खोलीचं तापमान लक्षात घेतलं होतं का? सकाळचे दहा म्हणजे कोणत्या घड्याळाचे? मुंबईचं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालायचं, आणि शहरात ते स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून होतं. जागेचं म्हणाल, तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला पाऊणशेही नाही. निव्वळ ‘मुंबईचा पाऊस’ असं लिहिलेल्या जुन्या कागदावर म्हणूनच पटकन विश्वास टाकू नये.

अशा कामाला लागणाऱ्या मनुष्यबळाचा हिशेब ब्रिटनमध्ये दिसला. २०२० च्या टाळेबंदीत तिथल्या हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून पावसाच्या जुन्या तक्त्यांतले पन्नास लाखांहून अधिक आकडे संगणकात भरले, तेही अवघ्या सोळा दिवसांत. एकच आकडा अनेकांकडून वाचून घेतला जाई; १ की ७, यावर मतं पडत. कंपनीच्या जहाजांच्या रोजनिश्यांतूनही असंच धन निघालं. १७८९ ते १८३४ मधल्या ८९१ रोजनिश्यांतून तापमान आणि वायुभाराच्या पावणेतीन लाखांच्या आसपास नोंदी मिळाल्या. यातली बरीच जहाजं मुंबई-मद्रासच्या वाटेवरची.

आपल्याकडे हे काम पुण्यात चालतं. हवामान खात्याची इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते, कारण १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं. पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत नित्यानंद सिंह, सोनटक्के आदी संशोधकांनी पावसाची मालिका १८१३ पर्यंत मागे नेली. सुरुवातीच्या काळात मोजमापाची ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

त्याआधीचं काय? तिथे आकडे संपतात आणि शब्द सुरू होतात. जॉर्ज ॲडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी वर्तमानपत्रं, खासगी रोजनिश्या आणि पत्रव्यवहार चाळून पश्चिम भारतातल्या पावसाळ्यांचा माग १७८१ पर्यंत लावला, पण तो मुख्यतः इंग्रजी कागदांतून. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद त्याहून मागे जातात. पाऊस कधी पडला हे त्यांत सरळ कुणी सांगणार नाही; एखाद्या गावाला सारा माफ केल्याचं सापडेल, आणि तो अवर्षणामुळे केला की फौज शेतातून गेली म्हणून, हे मोडी जाणणाऱ्याने आणि पाऊस जाणणाऱ्याने एकत्र बसून ठरवायचं आहे.